तासाभराची फारकत

‘शिर सलामत तर पगड्या पचास’ ही म्हण दरबारात जन्मली असो वा रणांगणावर, शस्त्रवैद्यांनी ती जितक्या निष्ठेने पाळली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी पाळली असेल. सडलेला पाय, गोळ्याने चिरडलेला हात, कर्करोगाने व्यापलेली मांडी या सर्वांवर शतकानुशतके त्यांचे एकच उत्तर होते. अवयव जाऊ द्यावा आणि जीव राखावा. या उत्तरात निष्ठुरता नव्हती. त्यात अनुभवाचे शहाणपण होते. परंतु म्हणीतला हिशेब आणि माणसाच्या देहाचा हिशेब पुरतेपणी जुळत नाही. पगडी दुसरी मिळते, पाय दुसरा मिळत नाही. ज्यांचे पोट हातावर असते त्यांना तर हात म्हणजे पगडी नव्हे. तो जवळजवळ शिराइतकाच मोलाचा असतो. ‘अंग की जीव’ हा जुना पेच सोडविण्यासाठी विसाव्या शतकातील वैद्यकाने जे मार्ग शोधले, त्यांपैकी एकाची कथा विशेष उद्बोधक आहे. त्या मार्गात रोगग्रस्त अवयव देहापासून कायमचा तोडला जात नाही. त्याची देहाशी तास-दीड तास फारकत केली जाते, आणि मग तो पुन्हा देहाच्या स्वाधीन केला जातो.

प्रथम रोगाची ओळख करून घेणे इष्ट होईल. कर्करोग म्हटला की सामान्यतः स्तन, घसा, जठर, गर्भाशय यांचे स्मरण होते. परंतु चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची वेष्टने, अशा देहाला भरण आणि बांधणी देणाऱ्या मऊ भागांतही कर्करोग उद्भवतो. त्याला ‘सार्कोमा’ असे नाव आहे. त्याचे पन्नासांहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. तरीही प्रौढांच्या सर्व कर्करोगांत त्यांचा वाटा सुमारे एक टक्काच आहे. यांपैकी जवळजवळ निम्मे हातापायांत होतात, आणि त्यातही मांडी हे त्यांचे आवडते ठिकाण. या रोगाचा कपटीपणा असा की आरंभी तो बहुधा दुखत नाही. मांडीतली गाठ लिंबाएवढी होते, मोसंबीएवढी होते, आणि तरीही माणूस चालतो, शेतात राबतो, जिने चढतो. वेदना नाही म्हणून काळजी नाही, आणि काळजी नाही म्हणून वैद्य नाही. अखेर तो वैद्याकडे जातो तेव्हा गाठीने कित्येकदा मुख्य रक्तवाहिनीला किंवा मज्जारज्जूतून येणाऱ्या मोठ्या तंतूला विळखा घातलेला असतो.

अशी गाठ नुसती सोलून काढली तर ती पुन्हा उगवते, हे शस्त्रवैद्यांच्या लवकरच ध्यानी आले. तिच्याभोवती जे आवरण दिसते ते फसवे असते. त्याच्या बाहेरही रोगपेशी पसरलेल्या असतात. म्हणून अवयव मुळापासून छेदण्याची प्रथा रूढ झाली. परंतु अवयव देऊन जीव हमखास विकत मिळे असेही नव्हते. सन १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात विल्यम कोली या तरुण शस्त्रवैद्यापुढे सतरा वर्षांची एक मुलगी आली. तिच्या उजव्या हाताला सार्कोमा झाला होता. कोलीने तिचा हात कोपराखाली छेदला. तथापि रोग आधीच देहभर पसरला होता, आणि १८९१ च्या जानेवारीत ती मुलगी मरण पावली. हात गेला आणि जीवही गेला.

या मृत्यूने कोली अस्वस्थ झाला. इस्पितळातील जुनी कागदपत्रे चाळता चाळता त्याला एका रुग्णाची नोंद सापडली. त्याच्या मानेतील सार्कोमा वारंवार उगवत होता. परंतु जखमेत जंतू शिरून धावरे नावाचा तीव्र ज्वर त्याला आला, आणि तापाबरोबर गाठही विरघळून गेली. कोलीने त्या माणसाचा शहरात शोध घेतला, तेव्हा तो धडधाकट आढळला. मग १८९१ मध्ये कोलीने दुसऱ्या एका रुग्णाला मुद्दाम हा जंतुसंसर्ग घडविला, आणि पुढे मारलेल्या जंतूंचे विष टोचण्याची पद्धत काढली. काही गाठी विरघळल्या, कित्येक विरघळल्या नाहीत; कारण कोणालाच सांगता येईना. क्ष-किरणांच्या युगात हा उपाय मागे पडला. परंतु जंतूंच्या विषाने देहात असे काय निर्माण होते की ज्याने गाठ मरते, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. या कथेत तो पुन्हा भेटणार आहे.

दुसरा धागा युद्धातून आला. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने मोहरी-वायू सोडला. या वायूने कातडी भाजते आणि डोळे जातात हे सर्वांना दिसले. परंतु जे मेले त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या होत्या, ही गोष्ट काही मोजक्या अभ्यासकांनीच टिपली. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांना या वायूच्या जातभाईंचा अभ्यास करण्याचे काम मिळाले. जे द्रव्य वेगाने वाढणाऱ्या निरोगी पेशी मारते, ते वेगाने वाढणाऱ्या रोगपेशी का मारणार नाही, असा तर्क त्यांनी केला. ऑगस्ट १९४२ मध्ये लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने गळा आणि छाती कोंडलेल्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य प्रथमच देण्यात आले. गाठी वितळल्या. काही आठवड्यांनी त्या परतल्या, आणि डिसेंबरात रुग्ण दगावला. युद्धकालीन गुप्ततेमुळे ही वार्ता १९४६ पर्यंत बाहेर आली नाही. पुष्कळदा या उपचाराचे जन्मस्थान म्हणून इटलीतील बारी बंदराचा निर्देश होतो. तेथे २ डिसेंबर १९४३ रोजी जर्मन विमानांनी बुडविलेल्या एका अमेरिकी जहाजात मोहरी-वायूचे बाँब होते, आणि शेकडो खलाशी व सैनिक त्या विषाने होरपळले. त्या दुर्घटनेच्या तपासाने औषधाच्या कल्पनेला बळ मिळाले हे खरे. परंतु येलचा रुग्ण तिच्या आधीचा आहे.

अशा रीतीने विषाचे औषध झाले. पण विषाचा गुण काही गेला नाही. शिरेतून दिलेले द्रव्य साऱ्या देहात फिरते. गाठ मरावी एवढी मात्रा दिली तर अस्थिमज्जा आधी मरते, आणि अस्थिमज्जा वाचावी एवढी मात्रा दिली तर गाठ वाचते. पायातील एका गाठीसाठी साऱ्या देहाला विष पाजावे लागे. मग केवळ पायालाच ते का देऊ नये? या सरळ प्रश्नाचे पहिले उत्तर १९५० मध्ये वॉशिंग्टन येथील कॅल्व्हिन क्लॉप यांनी दिले. गाठीकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीतच नायट्रोजन मस्टर्ड थोडे थोडे टोचण्याची रीत त्यांनी सुरू केली. परंतु रक्त थांबत नाही. रोहिणीतून गेलेले द्रव्य गाठीला एकदा स्पर्श करून नीलेवाटे हृदयाकडे परतते, आणि तेथून सर्वत्र जाते. पाटाने पाणी एका वाफ्याला द्यावे आणि वाफ्याचा बांध फुटका असावा, तसा हा प्रकार होता. वाफा भरावयाचा तर बांध घातला पाहिजे. आणि बांध घातला, म्हणजे मांडीच्या मुळाशी रक्तप्रवाह अडविला, तर प्राणवायूविना पाय मरेल.

हा बांध घालण्याचे साधन अगदी वेगळ्या दिशेने आले. फिलाडेल्फियातील जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुसे यांचे काम काही काळ करू शकणारे यंत्र सिद्ध करण्यात दीर्घ काळ वेचला, आणि ६ मे १९५३ रोजी त्या यंत्राच्या आधाराने एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र बुजविले. पुढील दोन-तीन वर्षांत अशी यंत्रे अधिक सुटसुटीत झाली. न्यू ऑर्लिन्स येथील ट्युलेन विद्यापीठात ऑस्कर क्रीच, एडवर्ड क्रेमेन्ट्झ, रॉबर्ट रायन आणि जेम्स विनब्लाड यांनी त्या यंत्राचा एक अनपेक्षित उपयोग शोधला. जे यंत्र साऱ्या देहाला रक्त पुरवू शकते ते एकट्या पायाला का पुरवू शकणार नाही? देहाचे हृदय देहासाठी आणि यंत्राचे हृदय पायासाठी, अशी वाटणी त्यांनी केली. १९५७ मध्ये शहात्तर वर्षांच्या एका गृहस्थाच्या पायावर हा प्रयोग झाला. त्याला सार्कोमा नव्हता, मेलानोमा म्हणजे त्वचेचा काळा कर्करोग होता, आणि त्याच्या पायावर सुमारे ऐंशी गाठी उठल्या होत्या. त्या सर्व नाहीशा झाल्या, आणि तो गृहस्थ पुढे सोळा वर्षे जगून ब्याण्णवाव्या वर्षी वारला. १९५८ मध्ये या पद्धतीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

ही शस्त्रक्रिया कशी होते ते पाहण्यासारखे आहे. रुग्णाला भूल देऊन जांघेत किंवा काखेत छेद घेतात, आणि त्या अवयवाची मुख्य रोहिणी व मुख्य नीला उघडी करतात. दोहोंत नळ्या घालून त्या यंत्राला जोडतात. अवयवाच्या मुळाशी रबरी पट्टा करकचून आवळतात, म्हणजे कातडीतल्या व स्नायूंतल्या लहान वाटाही बंद होतात. आता पायातले अशुद्ध रक्त नीलेवाटे यंत्रात येते, तेथे त्याला प्राणवायू आणि ऊब मिळते, आणि ते रोहिणीवाटे पुन्हा पायात जाते. हे चक्र सुरळीत चालू झाले की त्यात औषध मिसळतात. साऱ्या देहाला सोसेल त्याच्या सुमारे वीसपट तीव्रता या बंदिस्त चक्रात साधता येते. तास-दीड तासाने ते रक्त काढून टाकून पाय स्वच्छ द्रवाने धुतात, नळ्या काढतात, रक्तवाहिन्या शिवतात आणि पट्टा सोडतात. पाय पुन्हा आपल्या हृदयाशी जोडला जातो.

ऐकण्यास सोपी वाटणारी ही कृती निर्धोक करण्यास कित्येक वर्षे लागली. बांध खरोखर पक्का आहे की नाही हे कसे कळावे? यासाठी यंत्रातील रक्तात अल्पसे किरणोत्सर्गी द्रव्य मिसळण्याची आणि रुग्णाच्या हृदयावर मोजयंत्र रोखून ठेवण्याची युक्ती निघाली. पायातले रक्त देहात झिरपू लागले की मोजयंत्राचा आकडा चढतो, आणि वैद्य सावध होतात. औषध किती द्यावे हा दुसरा प्रश्न. पूर्वी ते रुग्णाच्या वजनावरून ठरवीत. परंतु सडपातळ माणसाचा पाय जाड आणि जाड माणसाचा पाय सडपातळ असू शकतो. १९८२ मध्ये हॉलंडमधील वीबरडिंक यांनी याचे उत्तर दिले: पाय पाण्यात बुडवावा, किती पाणी बाहेर सांडते ते मोजावे, आणि तेवढ्या घनफळाला औषधाची मात्रा ठरवावी. आर्किमिडीजने ज्या तत्त्वावर मुकुटाची परीक्षा केली असे सांगतात, त्याच तत्त्वावर विषाचे माप ठरले. लिटरमागे पायाला १० आणि हाताला १३ मिलिग्रॅम हे प्रमाण रूढ झाले. याच वीबरडिंकांनी उपचाराने अवयवाला होणाऱ्या इजेच्या पाच पायऱ्या लावून दिल्या. पहिली पायरी म्हणजे काहीच इजा नाही. पाचवी पायरी म्हणजे इजा इतकी की अवयव कापावाच लागतो. जो उपचार अवयव राखण्यासाठी करावयाचा त्याच्याच हातून अवयव जाऊ शकतो, ही शक्यता त्या तक्त्यात प्रामाणिकपणे लिहून ठेवलेली आहे.

औषधही बदलले होते. लंडनमध्ये बर्गेल आणि स्टॉक यांनी नायट्रोजन मस्टर्डला फेनिलअ‍ॅलनीन या अमिनो आम्लाची जोड देऊन ‘मेलफलान’ तयार केले. त्याचा वृत्तांत १९५४ मध्ये आला. त्याच सुमारास सोव्हिएत रशियातही लारिओनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच द्रव्याचा शोध लावून त्याला ‘सार्कोलायसिन’ म्हणजे सार्कोमा विरघळविणारे असे आशादायी नाव दिले. १९६७ मध्ये रोमच्या काव्हालिएरे यांनी आणि १९६९ मध्ये अमेरिकेतील स्टेहलिन यांनी उष्णतेने रोगपेशी अधिक दुबळ्या होतात हे पाहून अवयवातील रक्त तापविण्यास आरंभ केला. फार तापविले तर स्नायू भाजतात असा अनुभव आल्यावर सौम्य ऊब पसंत करण्यात आली.

एवढे सर्व होऊनही सार्कोमा मात्र दाद देईना. मेलानोमाच्या गाठी मेलफलानने वितळत; सार्कोमाच्या मोठ्या गाठी बहुधा जशाच्या तशा राहत. रशियन नावातली आशा फोल ठरली होती. या मधल्या काळात पेच वेगळ्या बाजूने सैल झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९७५ पासून स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी त्रेचाळीस रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. सोळांचा अवयव छेदला. सत्तावीसांची केवळ गाठ काढून त्यांना किरणोपचार दिले. १९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अवयव राखलेल्यांपैकी चौघांना त्याच जागी गाठ पुन्हा झाली, छेदलेल्यांपैकी कोणालाही नाही. परंतु जगण्या-मरण्याच्या प्रमाणात दोन गटांत लक्षणीय अंतर आढळले नाही. शतकानुशतकांच्या प्रथेचा पायाच त्यामुळे हलला. जीव जातो तो बहुधा फुप्फुसांत पसरलेल्या रोगाने. आणि तो पसरला असेल तर मांडी छेदूनही उशीर झालेला असतो. न्यूयॉर्कच्या त्या मुलीच्या मृत्यूने जे सुचविले होते ते नव्वद वर्षांनी आकड्यांत सिद्ध झाले. यापुढे बहुसंख्य रुग्णांचे अवयव राखण्यात येऊ लागले. उरले ते अभागी, ज्यांची गाठ मोठी रक्तवाहिनी वा तंतू वेढून बसली होती, किंवा ज्यांच्या एकाच अवयवात अनेक गाठी होत्या. त्यांच्यासाठी अद्यापही करवतच होती.

येथे कोलीचा जुना प्रश्न परत येतो. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड, एलिझाबेथ कार्सवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की जंतुविष टोचलेल्या उंदराच्या रक्तात एक द्रव्य उत्पन्न होते आणि ते गाठीचा नाश करते. त्याला ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, संक्षेपाने ‘टीएनएफ’, असे नाव मिळाले. १९८४ मध्ये त्याचे जनुक हाती आले आणि ते प्रयोगशाळेत हवे तेवढे तयार होऊ लागले. मोठ्या आशेने ते रुग्णांच्या शिरेतून देण्यात आले, आणि मोठीच निराशा पदरी पडली. रक्तदाब कोसळे, रुग्ण जंतुदोषाने यावी तशा मूर्च्छेत जाई. जी मात्रा माणूस सोसू शकतो ती गाठीला पुरत नाही, आणि जी गाठीला पुरेल ती माणूस सोसू शकत नाही. पेच तोच होता, आणि त्याचे उत्तर तीस वर्षांपूर्वीच न्यू ऑर्लिन्समध्ये तयार झालेले होते.

फेर्दी लेज्यून आणि दानिएल लिएनार या युरोपातील चिकित्सकांनी हे उत्तर ओळखले. १९८८ पासून त्यांनी बंदिस्त अवयवात मेलफलानबरोबर टीएनएफ देण्यास आरंभ केला. मात्रा तीन-चार मिलिग्रॅम, म्हणजे साऱ्या देहाला सोसेल त्याच्या सुमारे दसपट. १९९२ मध्ये त्यांनी पहिल्या तेवीस रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात मेलानोमाबरोबर सार्कोमाचेही रुग्ण होते. पुढे रॉटरडॅमच्या अलेक्झांडर एगरमाँट यांच्या पुढाकाराने युरोपातील अनेक केंद्रांनी मिळून १८६ रुग्णांवर हा उपचार केला. हे सर्व रुग्ण असे होते की ज्यांच्यापुढे अवयवच्छेद किंवा अवयव निकामी करणारी शस्त्रक्रिया एवढेच पर्याय होते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी ८२ टक्क्यांचा अवयव वाचला. १९९९ मध्ये युरोपात या औषधाला या कामासाठी मान्यता मिळाली. उपचारापूर्वीची आणि नंतरची रक्तवाहिन्यांची क्ष-किरण चित्रे शेजारी ठेवली असता याचे रहस्य दिसते. आधीच्या चित्रात गाठीभोवती नव्या वाहिन्यांचे दाट जाळे असते. नंतरच्या चित्रात ते जाळे नाहीसे झालेले असते आणि अवयवाच्या मूळच्या वाहिन्या मात्र शाबूत असतात. टीएनएफ गाठीच्या वाहिन्या प्रथम झिरपत्या करते, त्यामुळे मेलफलान गाठीत अधिक शिरते. मग त्या वाहिन्याच उद्ध्वस्त होतात. गाठ विषाने मरते आणि उपासमारीनेही मरते. आकसलेली, निर्जीव गाठ पुढे काही आठवड्यांनी शस्त्रवैद्य काढून टाकू शकतात.

यशाच्या कथा येथे थांबतात; इतिहासाला मात्र जमेबरोबर खर्चही मांडावा लागतो. पहिली गोष्ट अशी की या उपचाराने अवयव वाचतो, आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. रोग फुप्फुसांत पोहोचला असेल तर पायापुरते घातलेले बांध त्याला अडवू शकत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की जी प्रचंड मात्रा आरंभी अपरिहार्य वाटली ती तशी नव्हती. फ्रान्समध्ये शंभर रुग्णांना चार वेगवेगळ्या मात्रा देऊन तुलना करण्यात आली, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कमी मात्रेचा गुण मोठ्या मात्रेइतकाच आला. तिसरी गोष्ट, हा उपचार कुशल हातांचा, महागड्या यंत्रांचा आणि दीर्घ सरावाचा आहे. म्हणून तो मोजक्या केंद्रांतच होतो. सिडनीमधील जॉन टॉम्पसन यांनी १९९० नंतरच्या दशकात एक सोपी रीत काढली. तीत छेद न घेता बारीक नळ्या कातडीतूनच रक्तवाहिन्यांत सरकवतात, आणि मोठ्या यंत्राऐवजी साध्या पिचकारीने रक्त फिरवितात. ती रीत वृद्ध आणि दुबळ्या रुग्णांनाही झेपते.

आणि या सर्व यंत्रांहून, औषधांहून स्वस्त असा एक उपाय आहे. तो म्हणजे वेळेवर दाखविलेली गाठ. हातापायातली जी गाठ वाढत आहे, खोल आहे किंवा पाच सेंटिमीटरहून मोठी आहे, ती दुखत नसली तरी जाणत्या वैद्याला दाखविली पाहिजे. आणि तिचा तुकडा तपासून निदान होण्यापूर्वी ‘साधी चरबीची गाठ’ समजून ती घाईने काढू नये. घाईने उकरलेल्या गाठीमुळे पुढची शस्त्रक्रिया अधिक मोठी करावी लागते, असा शस्त्रवैद्यांचा अनुभव आहे.

रणांगणावरचे विष, हृदयासाठी घडविलेले यंत्र, एका दुःखी शस्त्रवैद्याने जुन्या कागदांतून काढलेली नोंद आणि पाण्याने भरलेले भांडे, या चार असंबद्ध गोष्टी शंभर वर्षांच्या वाटचालीत एका पायाभोवती एकत्र आल्या. त्यांपैकी कोणतीही मुळात त्या पायासाठी निर्माण झाली नव्हती. त्यांनी मृत्यू जिंकलेला नाही. परंतु ज्याला उद्या बैलांमागे चालावयाचे आहे, यंत्रावर उभे राहावयाचे आहे, किंवा नातवाचे बोट धरून शाळेपर्यंत जावयाचे आहे, त्याचे उरलेले आयुष्य, ते वर्षांचे असो वा महिन्यांचे, त्याला आपल्या दोन पायांवर काढता येण्याची शक्यता त्यांनी निर्माण केली आहे. शिर सलामत राहावे हे खरेच. परंतु शिराखालच्या माणसाचेही काही मागणे असते, आणि ते ऐकून घेण्यास वैद्यकाला फार वर्षे लागली.